एकमेकींना छेदणाऱ्या रेघा

मार्च लागला की आमच्या जयनगरच्या गल्लीचा आवाज बदलतो. एरवी सकाळी इथे ऐकू येते ती नळाखाली भरत जाणाऱ्या घागरीची धार, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कॉफी दळायच्या हातगिरणीची घरघर आणि ‘हूवा, हूवा’ करत जाणारी फुलवाली. मार्चमध्ये या सगळ्यावर पाठांतराचा एक थर चढतो. समोरच्या घरातून कन्नडमध्ये, पलीकडून तमिळमध्ये, कोपऱ्यावरच्या बंगलीतून इंग्रजीत मुलं काहीतरी घोकत असतात. भाषा वेगळाल्या, पण चाल एकच. शेवटच्या शब्दावर जोर, मग श्वास, मग पुन्हा पहिल्यापासून. करंजाच्या झाडांना, इथले लोक ज्यांना होंगे म्हणतात, त्यांना याच दिवसांत नवी चकचकीत पालवी येते. कारखान्याच्या बसची वाट पाहत त्या झाडाखाली उभा राहिलो की मला बरं वाटतं, आणि थोडं अपराधीही वाटतं. गेली दहा वर्षं मार्चमध्ये ही दोन्ही एकदमच येतात.

यंदा आमच्याच घरात परीक्षा आहे. मीना, आमची मुलगी, एस.एस.एल.सी.ला, म्हणजे इथल्या मॅट्रिकला, बसते आहे. परवा मी तिच्या खोलीच्या दारात उभा होतो. ती घोकत नव्हती. मोठ्या कागदावर इकडेतिकडे शब्द लिहून त्यांच्यामध्ये रेघा ओढत होती आणि पुटपुटत होती, “हे इकडून आलं, मग ते तिकडे का गेलं?” मी जवळ गेलो. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. मीनानं कागदावर तळहात आडवा ठेवला.

“बाबा, तुम्ही नको.”

हसत म्हणाली, पण म्हणाली. हे तिनं कुणाकडून उचललं ते मला ठाऊक आहे. आणि का, तेही.

मी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. दुसऱ्यांनी योजलेल्या यंत्रांच्या भागांची स्वच्छ, मोजूनमापून चित्रं काढणं हे माझं काम. आमच्या धंद्याचे काही नियम हातात इतके मुरलेले असतात की ते नियम आहेत हेही आम्ही विसरतो. त्यातला एक असा: चित्रातल्या भागाकडून त्याच्या नावाकडे जी बारीक रेघ नेतात, ती दुसऱ्या तशा रेघेला छेदता कामा नये. छेदली की वाचणारा गोंधळतो. म्हणून छेदणारी रेघ दिसली की ती वळवायची, नाहीतर काढून टाकायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हे मी शिकलो आणि त्याबद्दल कधी विचार केला नाही.

दहा वर्षांपूर्वी इथे घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. मधल्या जागेत गवत, दगडी खांबांच्या खुणा आणि दुपारी चरणाऱ्या गाई. शेजार म्हणजे एकच घर, अंबक्कांचं. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा मराठी मुलुखातून इकडे आले होते. अंबक्का घरात मराठी बोलत, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की आम्हाला आधी दोन क्षण थांबून ऐकावं लागे. रोज सकाळी दारात पाणी शिंपडून त्या ठिपक्यांची रांगोळी काढत. आमच्याकडे ती सणावारी असते, इथे रोज. त्या ठिपक्यांना चुक्की म्हणत. आधी चुक्क्यांच्या ओळी, मग त्यांच्यातून वळसे घेत जाणारी रेघ. एकदा बसला जाताना मी थांबून त्यांना सांगितलं, “अक्का, डावीकडची तिसरी ओळ जरा सरकली आहे.”

“असू दे की अण्णा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “स्वल्प वाकडी असली म्हणून लक्ष्मी काय परत जाते? तुमचं मशीन नव्हे हे.”

सुमनला, माझ्या बायकोला, ही रांगोळी त्यांनीच शिकवली. सुमनचं लग्न मॅट्रिकच्या वर्षी झालं. पुस्तकं तशीच मिरजेला माहेरी राहिली. मीना चार-पाच वर्षांची झाल्यावर इथल्या मराठी बायकांनी मुलांसाठी एक वर्ग सुरू केला. सुमन तिथे मदतीला जाऊ लागली आणि परत येताना तिचा चेहरा निराळाच असे. तिला शिक्षिका व्हायचं होतं. ट्रेनिंग कॉलेजला मॅट्रिकशिवाय घेत नसत, आणि वयाची अट अशी होती की तिच्या हातात तेवढंच एक वर्ष उरलं होतं. मार्चमध्ये बसायचं, नाही जमलं तर ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर दार बंद. मिरजेच्या केंद्रावर बाहेरून बसण्याचा तिचा अर्ज मीच भरून पाठवला.

त्या फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी मला अजून वासांनी आठवतात. परसात वाळत घातलेल्या सांडग्यांचा वास, तापलेल्या कपडे धुण्याच्या दगडाचा, कैरी चिरल्याचा. शनिवारी मी दुपारी घरी येई तेव्हा सुमन परसदारी त्या दगडाशेजारी उकिडवी बसलेली असे. एका हातात सामान्य विज्ञानाचं पुस्तक, दुसऱ्या हाताच्या चिमटीत रांगोळी. फरशीवर ठिपके आणि ठिपक्यांशेजारी शब्द. एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे रेघ, आणि रेघेवरही काहीतरी बारीक लिहिलेलं. मी विचारलं, हा काय प्रकार.

“वाचलेलं राहत नाही हो डोक्यात,” ती म्हणाली. “असं मांडलं की राहतं. रांगोळी काय मी पाठ केलीय का? ठिपके मांडले की हात जातो.”

“आणि रेघांवर काय लिहितेस?”

“हे त्याला काय करतं, ते. नाहीतर ती नुसतीच रेघ.”

उन्हानं आणि वाऱ्यानं रांगोळी विस्कटे, म्हणून चांगलं जमलेलं ती मीनाच्या जुन्या वहीत उतरवून ठेवी. त्या वहीतलं एक पान मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. मधोमध ‘पाणी’. त्याच्या भोवती माठ, दोरीवरचे कपडे, मीठ, ढग, आणि चक्क ‘मीनाचा ताप’. पाण्याकडून माठाकडे रेघ, तीवर ‘झिरपतं’. माठाकडून हवेकडे, ‘उडून जातं’. तिथून पुढे, ‘जाताना ऊब घेऊन जातं’, आणि ती रेघ वळून मीनाच्या कपाळावरच्या ओल्या पट्टीपर्यंत गेलेली. दोरीवरच्या कपड्यांपासून निघून ‘पावसाळी हवा’ या शब्दावरून एक लांबलचक रेघ चार रेघांना तोडत माठापर्यंत आली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘उडू देत नाही’.

पान बघून मला खरंच कौतुक वाटलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या कौतुकातूनच झालं. मला वाटलं, कल्पना छान आहे, पण किती अव्यवस्थित! हिला हे नीट काढून द्यायला हवं. ते मला येतंच की.

ऑफिसातून ट्रेसिंग क्लॉथचा एक उरलेला तुकडा मी घरी आणला, न विचारता. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ देऊन कागदासारखं कडक केलेलं, आरपार दिसणारं तलम कापड. त्यावर शाईनं चित्र काढलं की निळ्या प्रती निघतात. तीन दिवस मी त्यावर बसलो. तिच्या सगळ्या रेघा आधी जशाच्या तशा शाईत घेतल्या, आणि मग ते चित्र पाहून माझा जीव कासावीस झाला. इतक्या रेघा एकमेकींना छेदत होत्या! मी दाढीचं पातं घेतलं आणि छेदणाऱ्या रेघा एकेक करून खरवडून काढल्या. कपडे गेले. मीनाचा ताप गेला, तो तसाही घरगुती होता. ‘उडू देत नाही’ ही रेघ तर सगळ्यात आधी गेली. त्यांच्या जागी मी पुस्तकातलं नाव घातलं, ‘बाष्पीभवन’, आणि खाली चार सरळ फांद्या काढून चार कारणं लिहिली: तापमान, पृष्ठभाग, वारा, आर्द्रता. खालच्या उजव्या कोपऱ्यात आमच्या पद्धतीप्रमाणे चौकट आखली. ‘काढले’ आणि ‘तपासले’, दोन्ही शब्दांपुढे मी माझीच सही केली.

प्रत निघाली तेव्हा ऑफिसातले दोघे-तिघे बघायला आले. मी ती घरी भिंतीवर लावली. अंबक्का पाहून म्हणाल्या, “छान आहे की. देवळातल्या कॅलेंडरसारखं.” सुमननं जवळ जाऊन कागदावरून बोट फिरवलं. “माझ्या रेघा कुठंयत?” एवढंच तिनं विचारलं.

“अगं, त्या एकमेकींत अडकत होत्या. आता बघ किती सुटसुटीत झालं. हे एवढं पाठ केलंस की झालं.”

आणि तिनं पाठ केलं. मी संध्याकाळी चहा घेत समोर बसे आणि तिला विचारी, “बाष्पीभवन, तिसरी फांदी?” “वारा.” “चौथी?” “आर्द्रता.” तिचा आवाज हळूहळू गल्लीतल्या इतर आवाजांच्या चालीवर आला, शेवटच्या शब्दावर जोर, मग श्वास. परसातली फरशी कोरडी राहू लागली. मला ते प्रगतीचं लक्षण वाटलं.

ती मीनाला घेऊन मिरजेच्या गाडीत बसली तेव्हा प्लॅटफॉर्मवर मी खिडकीतून शेवटचं विचारलं, “चौथी?” गाडी हलली. तिनं ओठांनीच उत्तर दिलं.

निकाल जूनमध्ये लागला. वर्तमानपत्रात तिचा नंबर नव्हता. मग गुणपत्रिका आली. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत तर छानच, फक्त सामान्य विज्ञानात थोडक्यात गेलेली. त्या संध्याकाळी तिनं मला पेपरातला एक प्रश्न सांगितला. उन्हाळ्यात माठातलं पाणी जितकं गार होतं तितकं पावसाळ्यात का होत नाही, कारण द्या.

“चारही कारणं लिहिली मी,” ती म्हणाली. “ओळीनं. तुमचा कागद दिसत होता मला, अगदी सहीसकट. पण माठापासून आर्द्रतेकडे कसं जायचं ते दिसेना. तिथे रेघच नव्हती.”

तिथली रेघ मी कुठल्या पात्यानं खरवडली होती ते मला आठवत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बघू, ऑक्टोबर आहेच.”

आणि याहून वाईट ते पुढे आहे. त्याच महिन्यात इथल्या मराठी कुटुंबांचा मेळावा होता. व्हरांड्यात आम्ही पुरुष मंडळी बसलो होतो. कुणीतरी सुमनच्या परीक्षेचं विचारलं. मी हसलो. मला ते हसू अजून माझ्या तोंडावर जाणवतं. म्हणालो, “सगळं तयार करून हातात दिलं होतं हो. नकाशासुद्धा काढून दिला. डोक्यातच शिरलं नाही, त्याला मी काय करणार?”

मंडळी हसली. मागे बांगड्या वाजल्या. सुमन खिचडीच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिनं एकेकाला बशी दिली. माझ्यापाशी आल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, “लिंबू हवं?”

मी म्हणालो, “नको.”

त्यानंतर ती भांडली नाही, रडली नाही. पुस्तकं मात्र फडताळावरून खालीही आली नाहीत. आठ दिवस, पंधरा दिवस. ऑक्टोबरचा अर्ज टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. एके सकाळी तिनं विचारलं, “भिंतीवरचं ते निळं काढू का? आणि त्याचं कापड लागणार आहे का तुम्हाला? धुऊन घेते.” ट्रेसिंग क्लॉथ कढत पाण्यात धुतलं की खळ आणि शाई जाते आणि आत मऊसूत कापड निघतं. आमच्या सगळ्यांच्या बायका त्याचे रुमाल करत. मी म्हटलं, घे. दुपारपर्यंत माझं तीन दिवसांचं काम पांढरं होऊन दोरीवर वाळत होतं. संध्याकाळी ते माठाभोवती ओलं करून गुंडाळलेलं दिसलं. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा हात लागला. शाई गेली होती, पण जिथे जिथे मी पात्यानं खरवडलं होतं तिथे कापड विरलं होतं. उजेडात ते बारीक पट्टे स्पष्ट दिसत होते. मी खोडलेल्या तिच्या सगळ्या रेघा, जिथल्या तिथे.

मी माठातून पेला भरला. पेल्यातलं पाणी गार होतं. डिप्लोमाला मी उष्णतेवरचा सबंध पेपर सोडवला होता, सूत्रं आजही म्हणून दाखवीन. पण ते पाणी गार का, याचा माझ्या सूत्रांशी काही संबंध आहे असं मला तोवर कधी मनापासून वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात चौकटी होत्या, सुबक, एकीला दुसरीचा स्पर्श नाही. वरच्या श्रेणीत पास झालेला माणूस मी, आणि मॅट्रिक नापास बाईनं जुन्या वहीत जे जोडून दाखवलं होतं ते मी अव्यवस्थित म्हणून खरवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंबक्का दारात रांगोळी घालत होत्या. मी बससाठी निघालो होतो. त्यांनी हात थांबवला.

“काय अण्णा, सुमन दगडापाशी काही काढत नाही आताशा.”

“तिचं मन उडालंय, अक्का.”

“उडालं की उडवलं?” त्यांनी चिमटीतली पूड झटकली. “माझ्या सुनेला मी सहा महिने रांगोळी काढून दाखवली. एक आली नाही. मग एक दिवस ताप आला म्हणून निजून राहिले, तिनं तिची तिनं काढली. वाकडी काढली, पण आली. बरं सरी, जावा आता, बस चुकेल.”

बस चुकलीच. मी परत घरात गेलो. सुमन पीठ मळत होती. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ते सोडून मी फडताळावरून मीनाची ती जुनी वही काढली, पाण्याचं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं.

“ही रेघ,” मी म्हणालो. “पावसाळी हवेची. ही मला समजावून सांग.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय की काय, ते तपासत होती. “तुम्हाला ठाऊक नाही होय?”

“नाही. म्हणजे पाठ आहे. ठाऊक नाही.”

ती पिठाचे हात तसेच धरून बोलू लागली. पावसाळ्यात दोरीवर कपडे चार चार दिवस दमट राहतात, कारण हवेनंच आधी पोटभर पाणी प्यायलेलं असतं. ती आणखी कुठून घेणार? मग माठावरचं पाणी उडणार कसं? उडालं नाही तर ऊब जाणार कुणाबरोबर? बोलता बोलता ती थांबली. “म्हणजे मला येत होतं हो,” ती हळूच म्हणाली. “मला हे येत होतं.”

त्यानंतरचे तीन महिने हा माझ्या आठवणीतला खरा परीक्षेचा काळ. परसातली फरशी पुन्हा पांढरी झाली. आमच्यात एक करार होता: मी पेन्सिल हातात घ्यायची नाही. मी पायरीवर बसून फक्त विचारायचं, हे त्याला काय करतं? हे इथून तिथे जाईल का? तिला उत्तर आलं नाही तर ती म्हणे, “थांबा,” आणि पुस्तक उघडे. कधी रेघ चुकली की पायानंच पुसून नवी ओढे. पचनाच्या धड्यात इडलीचं आंबलेलं पीठ येऊन बसलं, आणि तिथून एक रेघ निघून दह्याकडे गेली. लोखंडाच्या गंजाला परसातला मोडका पत्रा जोडला गेला. मीना मधूनच एखादा ठिपका ठेवून जाई आणि त्याला कुठे जोडायचं यावर आमची खरीखुरी चर्चा होई. संध्याकाळचं गार वारं सुटे, अंबक्का कुंपणापलीकडून कोथिंबीर देता देता विचारत, “आज कुणाला कुणाशी बांधलं गं?” इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच परीक्षेत झाला नव्हता.

ऑक्टोबरला ती एकटी मिरजेला गेली. प्लॅटफॉर्मवर मी काहीही विचारलं नाही. ती खिडकीतून म्हणाली, “विचारा की काहीतरी. सवय झालीय.” गाडी हलली तेव्हा दोघंही हसत होतो.

ती पास झाली, ट्रेनिंगला गेली, आणि आता आठ वर्षं शिकवते आहे. अंबक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची सून दारात रांगोळी घालते, डावीकडे जरा सरकलेली.

कालची गोष्ट. सुमन शाळेतून आली आणि म्हणाली, “अहो, माझ्या वर्गासाठी एक काम कराल? पाण्याचा धडा आहे. मोठे कागद हवेत, पाच-सहा.”

मला आनंद लपवता आला नाही. “काढतो की. रेघा शाईत घेऊ?”

“रेघा नकोत. ठिपके काढा, आणि त्यांच्याशेजारी शब्द लिहा. रेघा मुलं ओढतील.”

“आणि एकमेकींना छेदल्या तर?”

“छेदू देत.”

मी कागद पसरले. पहिले ठिपके ठेवता ठेवता, मान खाली घालूनच म्हणालो, “सुमन, त्या मेळाव्यात मी जे बोललो होतो… ती छेदणारी रेघ मीच खरवडली होती. तुझ्या डोक्यात सगळं शिरलेलं होतं. चार लोकांत मी खोटं बोललो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.”

ती भाजी निवडत होती. शेंगेची शीर ओढून काढली, बाजूला ठेवली. “माठाला गुंडाळलं तेव्हाच दिसलं होतं मला सगळं,” ती म्हणाली. “राग आला होता. फार आला होता. तो मी मिरजेला घेऊन गेले. पेपर लिहायला बरा पडला.” मग पुढची शेंग उचलून, “पण आज सांगितलंत ते बरं केलंत. मी वाट बघत होते.”

आतून मीना ओरडली, “आई, बाबांना माझ्या कागदाजवळ येऊ देऊ नकोस हं!”

“ते ठिपके काढतायत गं,” सुमन म्हणाली. “नुसते ठिपके.”

मी सहा कागद पुरे केले. माठ, ढग, मीठ, दोरीवरचे कपडे, पावसाळी हवा. ओल्या पट्टीसाठी एक ठिपका मी माझ्या मनानं वाढवला आणि सुमनला विचारून मगच तिथे शब्द लिहिला. एवढी मोकळी जागा असलेलं चित्र माझ्या हातून आजवर बाहेर गेलं नव्हतं. सवयीनं खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली गेली. त्यात ‘काढले’ एवढं लिहिलं, आणि पुढची जागा मुलांच्या नावांसाठी सोडली.